गिरण्यांच्या उरलेल्या जागा लिलावात निघण्यापूर्वी

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत लोअर परळ आणि त्याच्या आजूबाजूच्या परिसराला मुंबईचा सर्जनशील कोपरा म्हणणारा लेख वाचला. जुन्या गिरण्यांच्या आवारांत आज कलादालने, कपड्यांच्या आणि फर्निचरच्या डिझायनरांची दुकाने, जाहिरात कंपन्या आणि वृत्तवाहिन्यांची कार्यालये नांदत आहेत, हे त्यातले म्हणणे खोटे नाही. माझा आक्षेप लेखाने गृहीत धरलेल्या क्रमाला आहे. गिरण्या बंद पडल्या, जागा ओस पडल्या आणि मग कलावंतांनी व उद्योजकांनी त्यांत प्राण फुंकले, असा त्याचा एकूण सूर आहे. मधली वीस-पंचवीस वर्षे त्यातून गळली आहेत, आणि ती गळली की आजही जे करता येण्यासारखे आहे ते नजरेआड होते. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या मालकीच्या, काही गिरण्या अजून उभ्या आहेत. त्यांचा निर्णय व्हायचा आहे, म्हणून हे पत्र.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढली. कंपनी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढे भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, वरळी, प्रभादेवी असा सारा पट्टा धुराड्यांनी भरला. अलीकडच्या काळापर्यंत टिकलेल्या अठ्ठावन्न गिरण्यांच्या ताब्यात सुमारे सहाशे एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बोनस यांच्याइतकाच बदली कामगारांना, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजावर घेतल्या जाणाऱ्यांना, कायम करण्याचा प्रश्न त्यात होता, आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे असलेली प्रतिनिधित्वाची मक्तेदारी संपावी, हीही मागणी होती. तो संप रीतसर मागे घेतला असे आजतागायत कोणी जाहीर केलेले नाही. परंतु संपामुळे गिरण्या एका रात्रीत कायमच्या थांबल्या, ही सर्रास सांगितली जाणारी गोष्ट खरी नाही. बऱ्याच गिरण्या पुन्हा चालू झाल्या, कमी माणसांवर रखडत चालल्या, विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेले, आणि कापडापेक्षा कापड जिथे विणले जाते ती जमीन कित्येक पटींनी महाग झाल्यावर एकेकीचा भोंगा बंद झाला.

जमिनीचे काय करायचे याचा नियम होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमानुसार गिरणीची जमीन विकसित करताना तिचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. गिरणगावात हा हिशेब पोराटोरांनाही तोंडपाठ होता. पण या नियमात एक फट होती. उभी असलेली बांधकामे न पाडता त्यांचा व्यापारी वापर सुरू करणाऱ्याला असा वाटा सोडावा लागत नव्हता. आज ज्या आवारांचे आपल्या पुरवणीत कौतुक झाले आहे, त्यांतल्या जुन्या भिंती आणि छपरे टिकण्यामागे वारशाच्या प्रेमाइतकाच या फटीचाही हात आहे, हे सांगितले पाहिजे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग खेळायची सोय झाली, पाठोपाठ दुकाने आली, आणि धुराडे मधोमध तसेच ठेवून भोवती मॉल उभा राहिला.

पुढे २००१ मध्ये नियमच बदलला. वाटणी साऱ्या जमिनीची न होता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची होईल, असे ठरले. गिरणी म्हटली की जमिनीचा बहुतेक भाग इमारतींनी आणि खात्यांनी व्यापलेला असतो. तेव्हा पालिका आणि म्हाडा यांच्या वाट्याला किती उरले असेल, याची कल्पना कोणीही करू शकेल. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये या बदलाविरुद्ध निकाल दिला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान २००५ मध्येच महामंडळाच्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या; त्यांतल्या एकट्या मुंबई टेक्सटाइल मिलच्या जमिनीला ७०२ कोटी रुपये आले. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्येच गिरणी-गिरणीचा सुटा विचार न करता या जमिनींचा सलग आराखडा करावा, असे सुचवले होते. तो अहवाल कपाटात राहिला आणि एकेक गिरणी आपापल्या कुंपणाच्या आत बदलत गेली.

त्याची किंमत कशी मोजावी लागली ते परळकरांना सांगायला नको. कार्यालयांत रोज येणाऱ्या माणसांची संख्या वाढत गेली, स्थानके आणि पूल मात्र गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत तेवीस माणसे गेली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २८ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून चौदा जणांचा जीव गेला. या दोन्ही घटना लेखात नाहीत. कलादालनांवरच्या लेखात त्या कशाला हव्यात, असे कोणी म्हणेल. पण कारखान्यासाठी बांधलेल्या जागेत रात्री उशिरापर्यंत माणसांची गर्दी भरवायची, तर जिने, दारे, पाण्याच्या टाक्या आणि अग्निशमन दलाच्या गाडीला वळायला लागणारी रुंदी यांचा विचार आधी व्हायला हवा, आणि तो इथे माणसे मेल्यावर सुरू झाला.

त्या इमारतींविषयी मला ममत्व आहे. माझे वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या खात्यात, होते. लोअर परळच्या एका आवारात तशाच एका खात्याची इमारत आता प्रदर्शनांसाठी भाड्याने दिली जाते, तिथे अलीकडेच जाऊन आलो. छप्पर करवती आहे. त्याच्या प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेकडे. उत्तरेचा उजेड दिवसभर जवळजवळ एकसारखा राहतो, उन्हाची तिरीप थेट साच्यावर पडत नाही आणि तुटलेली तार विणकराला चटकन दिसते, म्हणून ती रचना. सूत काढणारी खाती मजल्यांवर असत, साचेखाते मात्र बहुधा तळाला, कारण शेकडो साच्यांचा हादरा मजल्यांना सोसवत नाही. सूत तुटू नये यासाठी हवेत मुद्दाम दमटपणा राखलेला असे, आणि कापसाची भुकटी कामगारांच्या छातीत जाई. आता तिथे वातानुकूलन आहे. बिडाचे खांब घासूनपुसून दर्शनी ठेवले आहेत, ते चांगलेच केले. काचांना मात्र आतून काळा रंग दिला आहे, कारण चित्रांवर हवा तसा प्रकाश दिव्यांनी पाडता येतो. ज्या उजेडासाठी मुळात ती इमारत तशी बांधली तो आता त्यांना अडचणीचा वाटतो. दाराशी लावलेल्या पाटीवर इमारतीचे क्षेत्रफळ आणि नूतनीकरण करणाऱ्यांची नावे आहेत. इथे कोणते खाते होते हे कुठेच नाही.

सर्जनशीलता या भागात नव्याने आली, या समजुतीविषयी मी फार लिहिणार नाही, कारण आपल्या वाचकांना ते ठाऊक आहे. १९४४ मध्ये निघालेले लालबावटा कलापथक, त्यातले अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर. गिरणीत राबून कविता लिहिणारे नारायण सुर्वे. लालबागच्या हनुमान थिएटरातले तमाशाचे फड. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा. रत्नागिरीकडची नमने, सिंधुदुर्गाकडचे दशावतार आणि घाटावरची भजने. यांतले पुष्कळसे पाळी संपल्यावर, गावकीच्या गाळ्यांत, म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोल्यांत, आणि चाळींच्या पटांगणांत घडले. एका गाळ्यात पाळीपाळीने झोपणारी माणसे रात्री ढोलकी घेऊन बसत आणि शेजारी कुरकुर करत नसत, हे आजच्या पिढीला खरे वाटणार नाही. ती जागा फुकट होती, निदान कोणी तिचे तासावर भाडे घेत नव्हते. गिरण्या गेल्या तेव्हा नोकऱ्यांबरोबर ही जागाही गेली. तिची नोंद कुठल्याही नुकसानभरपाईत झाली नाही.

आज परिस्थिती काय आहे? आमचे नमन मंडळ आहे. त्यात बँकेत काम करणारे, कुरिअरचे, एक-दोन वकील आणि त्याच गिरणीच्या आवारांत नोकरी करणारी मुले-मुली आहेत. चाळीचा पुनर्विकास झाला आणि नव्या इमारतीत रात्री मृदंग वाजवायला सोसायटीची परवानगी मिळत नाही. रहिवाशांचीही बाजू आहे, त्यांना दोष देत नाही. पालिकेच्या शाळेचे सभागृह कधी मिळते, कधी परीक्षा असते. म्हणून गेल्या वर्षी आम्ही एका गिरणीच्या आवारात, मुक्त कलेसाठी खुली असल्याची जाहिरात असलेल्या जागेत, तालमीसाठी विचारणा केली. तिथल्या तरुण व्यवस्थापकाने फार सौजन्याने वागवले, चहाही दिला, आणि तासाचे जे भाडे सांगितले त्यात आमचा गावच्या शिमग्याचा साऱ्या मंडळाचा प्रवासखर्च निघाला असता. शिवाय अनामत रक्कम वेगळी, आणि मंडळाचा कंपनी म्हणून नोंदणी क्रमांक हवा होता. आम्ही सध्या एका बंद दुकानाच्या शटरसमोर, फुटपाथवर तालीम करतो.

नाट्यगृहांची गतही वेगळी नाही. परळचे दामोदर नाट्यगृह, जिथे कामगार रंगभूमीच्या पिढ्या उभ्या राहिल्या, २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले, आणि नव्या वास्तूत पूर्वीइतके मोठे नाट्यगृह मिळावे यासाठी रंगकर्मींना उपोषणाचा इशारा द्यावा लागला. बाजारभावाच्या भाड्यावर कला टिकत नाही हे केवळ गरिबांच्या कलेला लागू आहे असेही नाही. मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली सुरू झालेले ब्लू फ्रॉग हे संगीताचे ठिकाण देशभर गाजले होते. २०१६ मध्ये ते बंद झाले. कारणे काहीही असोत, एखादे ठिकाण नावारूपाला आले की भोवतालच्या जागेचा भाव वाढतो, आणि तो वाढवायला ज्यांनी हातभार लावला त्यांनाच तो आधी परवडेनासा होतो. रघुवंशी मिलमधले किंवा आणखी कुठले तरुण डिझायनर आज खुशीत असतील, त्यांचे भाडेकरार संपतील तेव्हा त्यांनाही हे पत्र आठवेल.

इतरत्र काय झाले हे पाहायला फार लांब जावे लागते, पण उदाहरण अगदीच अप्रस्तुत नाही. बार्सिलोना हेही कापडाचे शहर. तिथल्या सांत आंद्रेउ भागातील फाब्रा इ कोट्स ही सूतगिरणी नगरपालिकेने विकत घेतली. आज तिथे कलावंतांना काम करायला जागा मिळतात, प्रदर्शने भरतात, आणि एका जुन्या इमारतीत सार्वजनिक घरे केलेली आहेत. त्याच शहराच्या पोब्लेनोउ या जुन्या कारखान्यांच्या भागात २००० साली नव्या उद्योगांसाठी मोठी योजना आली, तेव्हा मात्र कान रिकार्त या कारखान्याच्या वास्तूसाठी रहिवाशांना आणि कलावंतांना झगडावे लागले. शहर तेच, माणसेही साधारण तीच. मला यातला फरक मालकीचा वाटतो. जिथे जागा सार्वजनिक राहिली तिथे भाडे कोणी ठरवायचे हा प्रश्न निदान सभागृहात विचारता येतो.

आता आपल्याकडच्या जागांविषयी. टाटा मिल, पोदार मिल, इंडिया युनायटेड क्रमांक पाच या महामंडळाच्या गिरण्यांतले काम मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबले आणि पुन्हा सुरू झालेच नाही. तिथल्या कामगारांच्या थकबाकीचा आणि महामंडळाच्या चाळींच्या पुनर्विकासाचा प्रश्न सर्वांत आधी सुटला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घरांचेही तेच. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली, पुढे २०१६ आणि २०२० मध्ये आणखी काही हजार. अर्ज मात्र पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत, आणि उरलेल्यांना शेलू आणि वांगणीचा रस्ता दाखवला जात आहे. ज्यांनी परळ वसवले त्यांनी कर्जतच्या गाडीत बसून परळचा सर्जनशील कोपरा बघायला यावे, असा याचा अर्थ होतो. कलेच्या जागा मागताना घरांची मागणी मागे पडावी, असे मला मुळीच म्हणायचे नाही.

माझे म्हणणे एवढेच, की या गिरण्यांच्या जमिनींचा जो काही व्यवहार होईल त्यात करवती छपरांची खाती पाडू नयेत, आणि त्यांतला ठरावीक भाग महापालिकेच्या मालकीत कायम राहावा. तो भाड्याने देताना दर बाजाराला न बांधता पालिकेच्या स्वतःच्या सभागृहांच्या दरांच्या आसपास ठेवावा. संध्याकाळी सहानंतरच्या वेळा नमन, भजन, दशावतार, एकांकिका करणाऱ्या स्थानिक मंडळांना आधी मिळाव्यात आणि अर्ज मराठीत, साध्या कागदावर, मंडळाच्या लेटरहेडवर चालावा. दिवसा त्याच जागेत शिवणकाम, छपाई, रंगकाम, ध्वनिमुद्रण करणाऱ्या नव्या मुलांना काही वर्षांच्या ठरलेल्या भाड्यावर बाके मिळावीत; त्यांत परळची मुले असावीत, तशी वांद्र्याचीही असायला हरकत नाही. अग्निसुरक्षेची तपासणी जागा उघडण्याआधी व्हावी आणि तिचा अहवाल दाराशी लावावा. यात अशक्य काय आहे? जमीन विकत घेण्यासाठी सरकारला पैसे मोजायचे नाहीत, कारण ती सरकारचीच आहे. काही हजार चौरस फूट विकले गेले नाहीत म्हणून महामंडळाचा ताळेबंद कोसळणार नाही.

काळाचौकीला इंडिया युनायटेड क्रमांक दोन-तीनच्या जागेवर होऊ घातलेल्या वस्त्रोद्योग संग्रहालयाचाही इथेच विचार व्हावा. ते वर्षानुवर्षे रेंगाळले आहे, आणि पहिल्या टप्प्यासाठी योजना केली ती तळ्याची आणि संगीत कारंज्याची. कारंज्याला माझा विरोध नाही, लहान मुलांना ते आवडेल. पण संग्रहालयात आधी हवेत ते चालते साचे आणि ते चालवून दाखवणारी माणसे. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. रिंग खात्यात, वायंडिंगला, ब्लीचिंगला नेमके काय करावे लागे, जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, बदलीचे काम कसे देत असे, खानावळवाल्या बाईचा महिन्याचा हिशेब कसा चाले, हे त्यांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करून घ्यायला इमारत पूर्ण होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याला एक खोली, एक ध्वनिमुद्रक आणि मालवणी-घाटी दोन्ही बोली समजणारे दोन तरुण पुरेत. स्त्री कामगारांपासून सुरुवात करावी, कारण त्यांच्या आठवणी आजवर सर्वांत कमी नोंदल्या गेल्या आहेत.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. संग्रहालयाचा सध्याचा मंजूर आराखडा आणि महामंडळाच्या उरलेल्या गिरण्यांबाबत केंद्र व राज्य सरकारांत चाललेला पत्रव्यवहार आपल्या वार्ताहरांनी मिळवून छापावा. सामान्य वाचकाला तो मिळवायला माहितीच्या अधिकारात अर्जामागून अर्ज करावे लागतात. आणि महापालिकेला विनंती अशी, की तो आराखडा मराठीत, वाचता येईल अशा आकारात, एफ दक्षिण आणि जी दक्षिण या दोन्ही विभाग कार्यालयांच्या तळमजल्यावर लावावा आणि त्यावर हरकती-सूचना घेण्याची मुदत गणेशोत्सवाच्या दिवसांत ठेवू नये, कारण त्या काळात लालबाग-परळमधल्या कोणालाही अर्ज लिहायला सवड नसते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लालबागचा एक वाचक
मुंबई ४०००१२